फोन पिशवीत, यंत्र हँडलवर

सागरी मार्गाने रेवसहून रेड्डीकडे निघालेल्या सायकलस्वाराला वाटेत खाड्याच खाड्या लागतात. आगरदांडा-दिघी, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेरीबोटी धरत तो दक्षिणेकडे सरकतो. फोनमध्ये नुसते ‘गोवा’ टाकले, तर महामार्ग ६६ पुढे येण्याचीच शक्यता अधिक. म्हणून अनुभवी मंडळी घरीच संगणकावर वाट आखतात, ती जीपीएस यंत्रात भरतात आणि त्या रेघेवरून निघतात.

एवढे तर फोनवरही होते, असे कोणीही म्हणेल. खरेच आहे. फोनमधल्या जीपीएसला रेंज लागत नाही. नकाशा आधी उतरवून घेतला की झाले. तरीही लांबच्या सायकलप्रवासात आणि कयाकवर हातात मावणारे, बटणांचे स्वतंत्र यंत्र असावेच. ती चैन नव्हे.

कारणे रोकडी आहेत. आयफोन शून्य ते ३५ अंश तापमानात वापरावा, असे ॲपलच सांगते. एप्रिलच्या दुपारी कोकणात हँडलवर बसवलेला फोन तापतो, पडदा मंद होतो, कधी बंदही पडतो. गार्मिनच्या ईट्रेक्स मालिकेतली साधी यंत्रे दोन पेन्सिल सेलवर वीस-पंचवीस तास चालतात, आणि असे सेल गावच्या किराणा दुकानातही मिळतात. ओल्या, खारट बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, बटण देते. मुख्य म्हणजे, अडचणीत मदत बोलावण्यासाठी लागणारा फोन भरल्या बॅटरीनिशी पिशवीत शाबूत राहतो.

पाण्यावर या यंत्राचे मोल आणखी वाढते. खाडीत मैलाचे दगड नसतात. वल्हे नेहमीच्याच जोराने चाललेले असते, बाजूचे पाणीही मागे जाताना दिसते. पण ओहोटीची ओढ ताशी ३ किलोमीटर उलटी असेल, तर ताशी ५ किलोमीटरने वल्हवणारा प्रत्यक्षात २ किलोमीटरच पुढे जातो. यंत्र वेग जमिनीच्या हिशेबाने मोजते, त्यामुळे ही घट लगेच आकड्यात दिसते. तीच गोष्ट खाडी ओलांडताना. कयाकचे टोक समोरच्या जेटीवर रोखलेले असते आणि प्रवाह तिला खाली ओढत असतो. पडद्यावरची रेघ वाकू लागली की टोक प्रवाहाच्या वरच्या अंगाला वळवायचे, हे कळते. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी संकेतांत मुद्दाम खोट घालत असे आणि चूक १०० मीटरपर्यंत जाई. तेव्हा इतका बारकावा दिसलाच नसता.

मात्र साध्या यंत्राला भरतीची वेळ ठाऊक नसते. त्यासाठी किनाऱ्यावरचा जुना हिशेब आजही उपयोगी पडतो : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला मुंबईच्या आसपास तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अमावास्या-पौर्णिमेला साडेअकरा-बाराच्या सुमारास. हे न पाहता निघाले, तर यंत्रावर निळी दिसणारी खाडी प्रत्यक्षात चिखल झालेली असते आणि कयाक त्यात रुतून बसते. शिवाय ईट्रेक्स एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरते, पण तरंगत नाही. दोरीने बांधलेले बरे.

खरेदी करताना एक घोळ टाळावा. नुसते संकेत घेणारे जीपीएस वेगळे आणि उपग्रहामार्फत संदेश धाडणारे इनरीचसारखे यंत्र वेगळे. या दुसऱ्या प्रकाराला भारतात दूरसंचार विभागाची परवानगी लागते. ते सामानात सापडल्याने गोव्याच्या विमानतळावर परदेशी पर्यटकांवर कारवाई झालेली आहे. अमेरिकेतून येणाऱ्या भावाला किंवा लेकीला ‘येताना जीपीएस आण’ असे सांगताना मॉडेलचे नावही सांगावे.

वर्षातून एखाददुसरी सहल करणाऱ्याने फोन आणि पॉवर बँकेवर खुशाल भागवावे. पण आठवडाभर सायकलवर राहणाऱ्याने, किंवा खाडीच्या मुखाकडे कयाक नेणाऱ्याने, पैसे आधी लाइफ जॅकेट आणि बटणांच्या यंत्रावर खर्च करावेत; सायकलच्या महागड्या सुट्या भागांचा विचार त्यानंतर.