उच्चार सुधारायला प्रोग्रामर कशाला हवा?

‘बेळगाव’ हा शब्द आपण चार अक्षरांत लिहितो आणि दोन तुकड्यांत बोलतो: बेळ्-गाव्. ‘ळ’मधला ‘अ’ मराठी तोंडात उरत नाही. कन्नडमध्ये ‘बेळगावि’ म्हणताना मात्र तोच ‘अ’ स्वच्छ ऐकू येतो. सीमाभागातल्या मुलांना हा फरक कोणी शिकवावा लागत नाही. संगणकाला तो शिकवावाच लागतो, आणि ते काम प्रोग्रामरचे नाही, भाषा जाणणाऱ्याचे आहे.

पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा ‘एनव्हीडीए’ हा प्रोग्राम २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकल करन या अंध तरुणाने लिहायला घेतला. जेम्स तेह हा दुसरा अंध प्रोग्रामर त्याला येऊन मिळाला. त्या वेळी असा प्रोग्राम विकत घ्यायचा तर हजार डॉलरच्या आसपास मोजावे लागत. हा मात्र मोफत आहे आणि त्याची आतली रचना सर्वांना खुली आहे. त्याच्याबरोबर येणारा ‘ईस्पीक एनजी’ हा आवाजही खुलाच, आणि तो मराठी व कन्नड दोन्ही बोलतो. निपाणीच्या किंवा खानापूरच्या अंध विद्यार्थ्याला एकाच संगणकावर मराठी, कन्नड आणि इंग्रजी ऐकावे लागते, म्हणून इथे हा प्रश्न अधिक निकडीचा.

ईस्पीकचे उच्चार साध्या मजकुराच्या फायलींत लिहिलेले असतात. कोणत्या अक्षराला कोणता ध्वनी, याचे नियम एका फायलीत; नियमाला न जुमानणारे शब्द दुसरीत. हे फायलीत बसवायला एखादा जाणकार पुरतो, पण सांगणारी माणसे पुष्कळ लागतात. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांतला च लिपीत एकच, बोलण्यात दोन. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, यांतला ज वेगळा. नुसत्या अक्षरावरून यंत्राला हे कळणे शक्य नाही. पाचवीच्या वर्गावर मराठी शिकवणाऱ्या बाई एका दुपारी अशा शब्दांची वही भरवू शकतील. एकेक अक्षर ऐकून शुद्धलेखन तपासताना ‘श’ आणि ‘ष’ कानाला सारखेच लागतात. तिथे ‘शहामृगातला श’, ‘षटकोनातला ष’ असे सांगणारी यादी लागते. ती करायला आणि तपासायला बालवाडीच्या ताईंपेक्षा योग्य कोण?

ब्रेलचेही तसेच. १९५१ साली स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये मराठी ‘क’ आणि कन्नड ‘क’ यांना तेच दोन ठिपके आहेत, पहिला आणि तिसरा. लिप्यांवरून भांडणाऱ्या आपल्या मुलखात हे प्रत्येकाने एकदा बोटाने वाचून पाहावे. मजकुराचे ब्रेल करणाऱ्या ‘लिबलुई’ या खुल्या प्रणालीत दोन्ही भाषांचे तक्ते आहेत, पण त्यातून निघालेले पान बरोबर आहे की नाही हे ब्रेल वाचणारा माणूसच सांगू शकतो.

ज्यांचे हात चालत नाहीत त्यांना संगणकाशी बोलून काम करता यावे, यासाठी माणसांचे आवाज लागतात. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’ उपक्रमात मराठी वाक्ये वाचून कोणीही आपला आवाज देऊ शकतो, दुसऱ्याने वाचलेले ऐकून पारखू शकतो. त्यात चिकोडी-निपाणीकडचे बोलणे पोचले नाही, तर इथल्या माणसाचे शब्द ओळखताना यंत्र अडखळणारच.

कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा इथे गावकरी साहित्य संमेलने भरवतात, ती मराठीवरच्या मायेपोटी. आमचे या संमेलनांना आणि बेळगावच्या वाचनालयांना सांगणे आहे की एक सत्र या कामाला द्या. मंडपात चार संगणक मांडा आणि प्रत्येकापाशी पडद्यावरचे बोलून दाखवणारा प्रोग्राम रोज वापरणारी अंध व्यक्ती बसवा. चूक कोणती आणि किरकोळ काय, हे तिला ठरवू द्या. डोळस माणूस आवाज गोड आहे का, हे आधी पाहतो. सराईत अंध वाचक बोलण्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने ऐकतो. त्या वेगात शब्द सुटा कळला पाहिजे, गोडव्याचे त्याला फारसे पडलेले नसते. त्याला न विचारता केलेल्या सुधारणा त्याचेच काम बिघडवतील.

प्रत्येक चुकीमागे चार गोष्टी लिहायच्या: शब्द, यंत्र काय म्हणाले, काय म्हणायला हवे होते, आणि प्रोग्रामची आवृत्ती. ही टिपणे जगभरच्या प्रोग्रामरांकडे इंग्रजीतून जावी लागतात. कॉलेजातल्या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून ती लिहून घ्यावीत, आणि कन्नडच्या प्राध्यापकांनाही सोबत घ्यावे. यंत्रावरचे कन्नड तपासायला तेच हवेत.