पॉलिशपेपर लावण्याआधी नाव शोधा

माळ्यावरची सुतारकामाची पेटी विकायची असो, दुरुस्त करायची असो की नुसती दिवाणखान्यात मांडायची असो, एक विनंती आहे: हत्यारांना लगेच पॉलिशपेपर लावू नका. करवतीच्या पात्यावर आम्लाने कोरलेली अक्षरे फार उथळ असतात. गंज घासताना आधी तीच जातात. तेलाचा बोळा फिरवा, खोलीत अंधार करा आणि टॉर्च बाजूने, आडवा धरून बघा.

विलायती लाकडी रंध्यावर बनवणाऱ्याचे नाव पुढच्या टोकाला ठोकलेले असते. पण रंधा हातोहात फिरे आणि नवा मालकही आपले नाव तिथेच ठोकी. म्हणून एकाच टोकावर तीन-चार नावे सापडली तर गोंधळू नका. नावाला जोडून गाव असेल, जसे ‘मॅथिसन, ग्लासगो’, तर तो बहुधा कारखानदार. गाव नसलेले, वाकडे पडलेले, दोनदा उमटवलेले नाव मालकाचे समजा. नक्षीची किनार काढणारा रंधा असेल तर लांबी मोजा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती साडेनऊ इंचांवर स्थिरावली. दहा इंच किंवा जास्त भरली, तर हत्यार त्याआधीचे असू शकते. सौद्याची घाई नको.

पात्यावरच्या नावाने मात्र भलेभले फसतात. रंधा घडवणारा एक, पाते घडवणारा दुसरा. पाती बहुतेक शेफील्डची, आणि झिजली की बदललेली. ‘वॉरंटेड कास्ट स्टील’ ही तर पोलादाची ग्वाही, कोणाचे नाव नव्हे. करवतीच्या मुठीवर ‘वॉरंटेड सुपीरियर’ लिहिलेला पितळी बिल्ला दिसला तरी तेच. त्यावरून कारखाना सांगणाऱ्या विक्रेत्यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही.

लोखंडी रंध्यावर ‘बेली’ आणि ‘स्टॅनले’ अशी दोन नावे असतात. लेनर्ड बेली हा रचना शोधणारा अमेरिकन. त्याचे पेटंट स्टॅनले कंपनीने 1869 मध्ये घेतले. पेटंटची तारीख म्हणजे रंध्याची जन्मतारीख नव्हे. 1910 ची तारीख असलेला रंधा त्याआधीचा नसतो एवढेच; नंतरचा खुशाल असू शकतो. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर तो 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धातला किंवा त्यानंतरचा, कारण स्टॅनले शेफील्डला तेव्हा गेली.

इंग्रज रंधेवाल्यांची नावे शोधायला डब्ल्यू. एल. गुडमन यांची 1968 साली निघालेली सूची आहे. आपल्याकडच्या पेटीत करवतीच्या मुठीवर देवनागरीत आद्याक्षरे कोरलेली दिसली, तर ती अशा सूचीत मिळणार नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्या सुताराचे नाव आणि गाव चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी हत्याराला बांधून ठेवा.