‘मग?’ विचारणारे सर

शनिवारी सकाळी सात वाजता फोन करणाऱ्या माणसाला मित्र म्हणायचं का, हा खरं तर वेगळ्या लेखाचा विषय. पण परवा पठ्ठ्याचा आवाजच असा होता की शिव्या घशात राहिल्या. “माझ्याबरोबर चितेगावला चल. एक डिसिजन घ्यायचाय. फोनवर नको.”

संभाजीनगरकरांना चितेगाव सांगायला नको. पैठण रोडला लागायचं, महानुभाव आश्रमाचा चौक, कांचनवाडी मागे टाकायची, आणि बिडकीन यायच्या आत उतरायचं. आमचा हा मित्र तिथल्याच एका छोट्या कंपनीत क्वालिटीला आहे. वय ३१. सातारा परिसरात टू बीएचके, त्याचा हप्ता, बायको बँकेत, मुलगी सीनियर केजीत. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखाच. शनिवारी हाफ डे. तो संपवून स्वारी गेटबाहेर आली आणि आम्ही समोरच्या टपरीवर बसलो. सॅकमधून तीन चकचकीत ब्रोशर्स बाहेर निघाली.

एक फुल टाइम एमबीएचं. नोकरी सोडायची, दोन वर्षं बाहेरगावी, डोक्यावर लोन. दुसरं एक्झिक्युटिव्ह, म्हणजे शनिवार-रविवार वर्ग आणि घरी रोज भांडण. तिसरं ऑनलाइन, बेडरूममध्ये बसून मॅनेजर व्हायचं. तिन्हीत काचेची बिल्डिंग, हिरवळ आणि कोट घालून हसणारी मुलं-मुली. त्याने वहीत कोष्टक केलेलं होतं. फी, पॅकेज, रँकिंग, हॉस्टेल, वायफाय.

“शिकवणार कोण?” मी विचारलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. “फॅकल्टी असेल ना यार. पीएचडी वगैरे.”

दोस्तहो, गंमत बघा. मोबाइल घेताना आपण प्रोसेसर कुठला, कॅमेरा कितीचा हे तोंडपाठ करतो. आणि आयुष्यातल्या सगळ्यात महागड्या खरेदीत, जो माणूस समोर उभा राहून शिकवणार त्याची चौकशी नाही!

मी एमबीए केलं तेव्हा आम्हाला दोन सर होते. कॉलेजचं नाव राहू दे. पहिले सर पडद्यावर स्लाइड लावायचे आणि वाचायचे. आम्ही लिहून घ्यायचो. परीक्षेत तेच यायचं, मार्क पडायचे, सगळे खूश. दुसरे सर कारखान्यात नोकरी करून आठवड्यातून एकदा येणारे. हातात फक्त खडू. पहिल्याच दिवशी म्हणाले, “उद्या माल जायलाच हवा. मशीन बंद पडलंय. ते चालवणारा एकच ऑपरेटर आहे आणि त्याच्या घरी आज साखरपुडा. काय कराल?” आमच्या टॉपरने पुस्तकातलं उत्तर दिलं. सर म्हणाले, “मग?” त्याने पुढचं सांगितलं. “मग?” तिसऱ्या ‘मग’ला टॉपर खाली बसला. तास संपला. सरांनी उत्तर दिलंच नाही! आम्ही जाम वैतागलो. कँटीनमध्ये तासभर भांडलो. वीस वर्षं होत आली, त्या स्लाइडमधलं एक अक्षर आठवत नाही. तो ऑपरेटर मात्र अजून आठवतो.

या ‘मग?’ला बिझनेस स्कूलच्या भाषेत ‘केस मेथड’ म्हणतात. हार्वर्डमध्ये ती १९२०च्या दशकात रुजली, वकिलीच्या शिक्षणाचा कित्ता गिरवून. वकील जसे जुने खटले अभ्यासतात, तसे मॅनेजरनी कंपन्यांचे पेचप्रसंग अभ्यासायचे. केस म्हणजे साधारण १०-१५ पानांची खरी गोष्ट. आकडे असतात, माणसं असतात, अडचण असते. फक्त शेवट नसतो. रात्री वाचून यायचं, सकाळी सर कुणावरही बोट ठेवतात. हार्वर्डच्या एका वर्गात सुमारे ९० जण असतात, दोन वर्षांत अशा ५००च्या आसपास केसेस होतात, आणि निम्म्यापर्यंत मार्क वर्गात काय बोललात यावर असतात. म्हणजे मागच्या बाकावर बसून मोबाइल बघणाऱ्यांचं काही खरं नाही. भारतात ही पद्धत आणली ती आयआयएम अहमदाबादने. १९६१मध्ये ही संस्था सुरू झाली तीच हार्वर्डचा हात धरून.

आणि आज हार्वर्डशी आपलं नातं नुसतं ऐकीव राहिलेलं नाही. १ जानेवारी २०२१ला हार्वर्ड बिझनेस स्कूलचे डीन झाले श्रीकांत दातार. मुंबई विद्यापीठाची पदवी, मग सीए, मग आयआयएम अहमदाबाद, मग स्टॅनफर्डची डॉक्टरेट. कार्नेगी मेलन आणि स्टॅनफर्डला शिकवून १९९६पासून हार्वर्डला. कॉस्ट अकाउंटिंगच्या ज्या जाडजूड पुस्तकाने तुमच्यापैकी अनेकांची झोप उडवली असेल, त्याचे हे एक लेखक. म्हणजे माणूस आकड्यांतला. पण २०१०मध्ये दोन सहकाऱ्यांबरोबर त्यांनी जे पुस्तक लिहिलं, ‘रिथिंकिंग द एमबीए’, त्यात आकड्यांपलीकडचं बोलले. जग नुकतंच २००८च्या मंदीतून उठत होतं आणि बुडालेल्या बँकांत एमबीएंची कमी नव्हती. या तिघांचं म्हणणं थोडक्यात असं : एमबीएत तीन गोष्टी हव्यात. माहीत असणं, करता येणं आणि आपण कोण आहोत हे उमगणं. बिझनेस स्कूल पहिलीवरच जोर देतात. उरलेल्या दोन राहून जातात.

मित्राला हे सांगत होतो तेव्हा त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. “अरे, पण इथे बसून हार्वर्ड काय करायचंय?”

“इथेच तर करायचंय,” म्हटलं. “मागे वळून बघ.”

एकेकाळी देशभरातल्या घरांत टीव्ही पोचवणाऱ्या व्हिडिओकॉनचा कागदोपत्री पत्ता होता : १४ किलोमीटर स्टोन, औरंगाबाद-पैठण रोड, चितेगाव. मैलाच्या दगडाचा पत्ता! १९८२च्या एशियाडने देशात रंगीत टीव्ही आणला आणि पुढची वीसेक वर्षं हे नाव घराघरात होतं. आता आपण केस करू. वर्ष २००५. तुम्ही बॉसच्या खुर्चीत आहात. फ्रान्सची थॉमसन आपला पिक्चर ट्यूबचा धंदा विकायला काढते. इटली, पोलंड, मेक्सिको, चीनमधले कारखाने. घेतलंत तर तुम्ही एका फटक्यात जगातल्या बड्या ट्यूबवाल्यांत जाऊन बसता. मराठवाड्यातली कंपनी, युरोपात कारखाने! दुसरीकडे दुकानांच्या शोकेसमध्ये पातळ एलसीडी टीव्ही लागायला लागलेत. महाग आहेत, पण आहेत. घेणार का?

मित्र झटक्यात म्हणाला, “छे! ट्यूब संपली की.”

बरोबर. आज आपल्याला माहीत आहे. कंपनीने ते कारखाने घेतले आणि पातळ टीव्हीने ट्यूब बाजारातून हद्दपार केली. पुढे टेलिकॉममध्ये उतरली, तर फेब्रुवारी २०१२मध्ये सुप्रीम कोर्टाने जे १२२ परवाने रद्द केले त्यातले २१ याच ग्रुपचे. जून २०१८मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या कोर्टात गेलं. हे सगळं माहीत असताना शहाणं व्हायला फी भरावी लागत नाही. स्लाइडवाले सर नेमकं हेच शिकवतात. कंपनी का बुडाली, सात कारणं, लिहून घ्या. ‘मग?’वाले सर केस २००५च्या पानावरच बंद करतात. एलसीडी किती वर्षांत स्वस्त होईल, तुझा अंदाज? कशावरून? आणि चुकलास तर? आणि नाही घेतलंस, तर आज ट्यूब बनवणाऱ्या तुझ्या माणसांना उद्या काय काम देशील? तिथे घाम फुटतो. तो घाम फुटणं म्हणजे शिक्षण.

आमचं हे चाललेलं टपरीवाले काका ऐकत होते. ग्लास विसळता विसळता म्हणाले, “एक इचारू का साहेब? त्या तुमच्या गोष्टीत आम्ही असतो का?”

“म्हणजे?”

“म्हणजे मालकानं काय करावं, ह्याचंच चाललंय मघापासून. इथं शिफ्ट सुटली की आमचा गल्ला भरतो. शिफ्ट कमी झाली की दूध कमी घ्यावं लागतंय. आमच्याबद्दल कोणता सर इचारतो?”

दोस्तहो, खरं सांगतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. केस बहुतेक वेळा साहेबाच्या खुर्चीतून लिहिलेली असते. वर्गातली सगळी पोरं दोन वर्षं त्या खुर्चीत बसतात आणि बाहेर पडल्यावर त्यांना वाटतं, जगात तेवढी एकच खुर्ची आहे. समोरच्या बाकड्यावरून ती गोष्ट कशी दिसते हे कुणी विचारलेलंच नसतं.

पण असं विचारणारे प्रोफेसर झालेच नाहीत असं नाही. रवी मथाई हे नाव तुमच्या ब्रोशरमध्ये नसेल. १९६५मध्ये ते आयआयएम अहमदाबादचे पहिले पूर्णवेळ संचालक झाले तेव्हा चाळिशीही गाठलेली नव्हती. शिक्षण ऑक्सफर्डचं बी. ए., डॉक्टरेट नाही, आधी कंपनीत नोकरी. संस्था नावारूपाला आणली आणि १९७२मध्ये खुर्ची आपणहून सोडली. कुठे दुसरीकडे मोठ्या पॅकेजवर गेले नाहीत, त्याच संस्थेत साधे प्रोफेसर म्हणून राहिले. मग १९७५मध्ये राजस्थानातल्या अजमेर जिल्ह्यात जवाजाला गेले. तिथे विणकर आणि चामड्याचं काम करणारे कारागीर होते. आपण बनवतो ते कुणाला विकायचं, भाव कसा ठरवायचा, एकत्र धंदा कसा करायचा, हे त्यांच्याबरोबर बसून उभं करायचं, असा तो प्रयोग. मॅनेजमेंटचा प्रोफेसर बाकड्यावर जाऊन बसला. दातारांच्या पुस्तकातली ती तिसरी गोष्ट, आपण कोण आहोत हे उमगणं, ती याहून वेगळी काय असणार?

मग प्रश्न येतो, असे सर सगळीकडे का मिळत नाहीत? सरांची बाजूही ऐकायला हवी. आपल्या अप्रेझलला जसं टार्गेट, तसं त्यांना रिसर्च पेपर. बढती मिळते ती छापून आलेल्या पेपरवर. एखाद्या मुलाला आयुष्यभर पुरेल असा प्रश्न विचारलात, याचा रकाना त्या फॉर्मात नसतो. चांगली केस लिहायला महिनोन् महिने जातात, कारखान्यात बसावं लागतं, कंपनीची परवानगी लागते. त्यापेक्षा परदेशी केसची झेरॉक्स सोपी. दुसऱ्या बाजूला कारखान्यातून येणारे व्हिजिटिंग सर. त्यांच्याकडे किस्से ढीगभर, पण आधी पोटापाण्याची नोकरी असते आणि वर्ग नंतर. यूजीसीने २०२२मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची वाट काढली. १५ वर्षांचा अनुभव असलेला जाणकार पीएचडीशिवायही शिकवू शकतो, एकूण चार वर्षांपर्यंत. कल्पना झकास आहे. पण नुसता अनुभव म्हणजे शिकवणं नव्हे. आपले जुने किस्से सांगणारा माणूस आणि त्याच किश्शात तुम्हाला अडकवून “मग?” विचारणारा माणूस, यात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

तेव्हा फी भरण्याआधी हे चार प्रश्न. कापून फ्रिजवर लावा.

एक : जाहिरातीतले सर खरंच वर्षभर शिकवतात, की उद्घाटनाला येऊन फोटो काढून जातात?

दोन : गेल्या वर्षी इथल्या, आपल्या मुलखातल्या कंपनीवर एक तरी केस वर्गात झाली का? शहराच्या चारी बाजूंना एमआयडीसी असताना फक्त अमेरिकन सुपरमार्केट शिकवत असतील, तर विचार करा.

तीन : मार्क कशाला मिळतात? पाठ करून लिहिण्याला, की बोलून, चुकून, पुन्हा विचार करण्याला?

चार : एक तास मागे बसून बघू देतात का? नाही म्हणाले, तर तेच उत्तर समजा.

मित्राने कोष्टकात नवा रकाना पाडला. ‘सर.’ तिन्ही ब्रोशर्ससमोर तो रिकामाच होता. चहाचे पैसे द्यायला गेला तर काका म्हणाले, “राहू द्या. शिकून आलात की सांगा मला, काय इचारलं ते.”

परतताना तो गप्प होता. हा रस्ता आता पुन्हा गजबजतोय. पुढे बिडकीनला इलेक्ट्रिक स्कूटर आणि मोटारींच्या मोठ्या कारखान्यांच्या घोषणा २०२४मध्ये झाल्या. म्हणजे २००५सारखाच एखादा पेच पुन्हा कुणाच्या तरी टेबलावर येणार. कदाचित याच्याच.

काल शनिवार. दुपारी एसएमएस आला. एका कॉलेजात मागच्या बाकावर बसायची परवानगी मिळाली होती.

“दीड तास झाला. मॅडमनी अजून उत्तर सांगितलं नाहीये. डोकं फिरलंय माझं.”

मी एकच शब्द टाइप केला. कुठला, ते तुम्हाला सांगायला नको.