सोशिकपणाची स्तुती

३० सप्टेंबर १८९८ रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील लिझिये गावच्या कार्मेल मठाने एका पुस्तकाच्या २००० प्रती काढल्या. बरोबर वर्षापूर्वी, त्याच तारखेला, त्या मठातली चोवीस वर्षांची एक संन्यासिनी क्षयाने वारली होती. एखादी भगिनी गेली की तिच्या आयुष्याची हकीकत पत्राने इतर मठांना कळवायची, अशी कार्मेल संघाची रीत होती. तेरेझ मार्तांच्या बाबतीत पत्राच्या जागी तिच्याच वह्यांचे पुस्तक गेले. ‘एका आत्म्याची कथा’ हे त्याचे नाव. मठांसाठी म्हणून काढलेले हे पुस्तक बघता बघता भिंतींबाहेर पडले, भाषांमागून भाषांत गेले, आणि १७ मे १९२५ रोजी पोप अकरावे पायस यांनी तेरेझला संत म्हणून जाहीर केले. आपल्याकडचे कॅथलिक तिला बाळ येशूची संत तेरेजा म्हणून ओळखतात. १ ऑक्टोबर हा तिचा सण.

जगाने वाचलेले ते पुस्तक मात्र तिने लिहिले तसे नव्हते. तिची थोरली बहीण पोलिन त्याच मठात होती. मदर आन्येस हे तिचे मठातले नाव. तिने त्या वह्यांवरून हात फिरवला होता. पुढे अभ्यासकांनी मूळ प्रत आणि छापील प्रत शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा लहानमोठे फेरफार सात हजारांच्या घरात निघाले. तीन वह्या तीन वेगळ्या व्यक्तींसाठी लिहिलेल्या होत्या. मठप्रमुख मारी द गोंझाग यांच्या अटीमुळे त्या सगळ्या त्यांनाच उद्देशून लिहिल्यासारख्या करण्यात आल्या. दुसरी बहीण सेलिन कॅमेरा घेऊनच मठात आली होती. तिने तेरेझची छायाचित्रे काढली आणि नंतर त्यांच्यावर कुंचला चालवला. घराघरांत पोचलेली, क्रूस आणि गुलाब छातीशी धरलेली तेरेझ ही सेलिनच्या हातची आहे. कॅमेऱ्याने टिपलेला तिचा चेहरा अधिक रुंद, थकलेला आणि करारी आहे. मूळ वह्या जशाच्या तशा १९५६ मध्ये छापल्या गेल्या, मूळ छायाचित्रे १९६१ मध्ये. वह्या आल्या तेव्हा पोलिन गेली होती, छायाचित्रे आली तेव्हा सेलिनही, आणि पुसट केलेल्या तेरेझला संतपद मिळून एक पिढी उलटली होती.

या बहिणींना खोटारड्या ठरवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. गरज वाटेल तिथे गाळ-भर कर, अशी मुभा तेरेझनेच पोलिनला दिली होती. तेरेझ चार वर्षांची असताना आई स्तनाच्या कर्करोगाने गेली, तेव्हापासून पोलिन हीच तिची आई झाली होती. अशा बाईने आपल्या लेकीसारख्या बहिणीचे शुद्धलेखन सुधारावे, घरातल्या खाजगी गोष्टी झाकाव्यात, हे माणसाला धरूनच झाले. प्रश्न पोलिनच्या हेतूचा नाही. आजारी माणसाची आठवण जपताना प्रेमाचा हात नेमका कशावरून फिरतो, हा खरा प्रश्न आहे. लिझियेच्या कागदपत्रांत त्याचे उत्तर सापडते, आणि ते आपल्यालाही लागू पडते.

तेरेझचे दुखणे सुरू झाले १८९६च्या एप्रिलमध्ये, गुड फ्रायडेच्या आदल्या रात्री. दिवा मालवून ती आडवी झाली आणि घशातून काहीतरी उसळून ओठांशी आले. दिवा पुन्हा न लावता ती झोपली. सकाळी रुमालावर रक्त दिसले. तिला आनंद झाला, असे तिने स्वतःच लिहून ठेवले आहे. ज्याला भेटायचे त्याची पहिली चाहूल लागली, असे तिने मानले. त्या दिवसाचे कडक उपासही तिने सोडले नाहीत. संतचरित्रे इथवर मन लावून सांगतात. पण त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, ईस्टरच्याच सुमारास, तिची श्रद्धा अंधारात गेली. मृत्यूनंतर काही आहे या विचारातली सगळी गोडी उडाली. स्वर्गाचा विषय निघाला की मनातून कोणीतरी तिची टर उडवी: मेल्यावर तुझ्या वाट्याला आहे तो आणखी गडद अंधार, दुसरे काही नाही. हे सारे तिने १८९७च्या जूनमध्ये तिसऱ्या वहीत लिहिले आणि याहून पुढे लिहिले तर ईश्वरनिंदा होईल या भीतीने लेखणी आवरली. धर्माचा स्वीकारमंत्र तिने स्वतःच्या रक्ताने लिहून जवळ बाळगला होता. डगमग नसती तर अशा कागदाची गरज पडली नसती.

तो काळही लक्षात घ्यावा लागतो. फ्रान्सचे तिसरे प्रजासत्ताक शाळांतून चर्चला बाहेर काढत होते. रनाँच्या १८६३ मधील येशूचरित्राने येशूचे देवपण बाजूला ठेवून त्याला माणूस म्हणून मांडले होते. लेओ ताक्सिल नावाच्या इसमाने डायना वॉन या काल्पनिक बाईच्या पश्चात्तापाची कथा रचून वर्षानुवर्षे कॅथलिकांना झुलवत ठेवले आणि एप्रिल १८९७ मध्ये पॅरिसमध्ये भर सभेत ती थाप असल्याचे सांगून टाकले. त्या सभेत पडद्यावर जोन ऑफ आर्कच्या वेषातल्या तेरेझचे छायाचित्र झळकले होते. मठातून ते मोठ्या विश्वासाने त्या डायनाला पाठवले गेले होते. अंगात ताप, फुफ्फुसात क्षय, आणि वर ही जाहीर फसगत. मुलगी कडेकोट मठात होती, पण शतकाची अश्रद्धा तिच्या उशाशी येऊन बसली होती. देव न मानणारी माणसे खरोखर असतात, हे तिला यापूर्वी पटत नसे. आता तिने स्वतःला त्यांच्या पंगतीला बसलेली मानले आणि ती त्यांच्यासाठी प्रार्थना करू लागली. १८९८च्या आवृत्तीने हा अंधार साफ गाळला नव्हता, पण त्याची धार बोथट केली होती.

देहाच्या दुखण्याचे तर याहून अधिक झाले. क्षयाचे जंतू कॉखने १८८२ मध्येच दाखवले होते, मात्र त्यांना मारणारे स्ट्रेप्टोमायसिन यायला तिथून सहा दशके लागणार होती. म्हणून उपचाराच्या नावाखाली तेरेझच्या पाठीवर फोड आणणाऱ्या पट्ट्या लावल्या गेल्या, तापलेल्या सुयांचे चटके दिले गेले, न सोसणाऱ्या दुधावर तिला ठेवले गेले. ८ जुलै १८९७ ला तिला मठाच्या रुग्णखोलीत हलवले. ऑगस्टमध्ये क्षय आतड्यांपर्यंत गेला आणि वेदनांना सीमा राहिली नाही. मॉर्फिन तेव्हा उपलब्ध होते, ते टोचायची पिचकारीही होती. पण टोचून मॉर्फिन देणे मठप्रमुखांना मान्य नव्हते आणि ते दिले गेले नाही. तेव्हा तेरेझ जे बोलली, ते पोलिनने उशाशी बसून टिपून घेतले. त्यात एक सूचना आहे: अशा वेदना होणाऱ्या रोग्याजवळ विषारी औषधे ठेवू नका; श्रद्धा नसती तर मी क्षणभरही न थांबता जीव दिला असता. ही टिपणे संपूर्ण स्वरूपात १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. ७४ वर्षे लागली.

आत्महत्येचा विचार बोलून दाखवणारी संत कोणाला अडचणीची वाटेल, हे समजते. पण तिच्या सगळ्या बोलण्यात रोग्याच्या उपयोगाचे वाक्य हेच आहे. बाजूला बसणाऱ्यांना ते सांगते की हसतमुख रोग्याचीही परीक्षा पाहू नये. ज्यांनी तिच्या सहनशक्तीचे गोडवे गायले, त्यांनी नकळत आणखी एक गोष्ट झाकली. त्या सोसण्यातला काही भाग रोगाने लादला होता, काही भाग माणसांनी. सोशिकपणाची स्तुती केली की वेदना कमी करता आल्या असत्या का, हे विचारायची गरज उरत नाही. पवित्र आठवणीची ही सर्वांत मोठी किंमत आहे, आणि ती पुढचे रोगी मोजतात.

चर्चने हा धडा हळूहळू गिरवला, हे मान्य केले पाहिजे. २४ फेब्रुवारी १९५७ रोजी पोप बारावे पायस यांनी डॉक्टरांसमोर बोलताना स्पष्ट केले की वेदनाशामके घेण्यात पाप नाही, वेदना शमवताना आयुष्य थोडे कमी झाले तरीही. १९९७ मध्ये, तेरेझच्या मृत्यूच्या शताब्दी वर्षात, दुसरे जॉन पॉल यांनी तिला चर्चच्या आचार्यांच्या मालिकेत बसवले. तिच्याआधी हा मान फक्त दोन स्त्रियांना मिळाला होता. तो मान मिळाला तेव्हा अभ्यासकांच्या हाती पोलिनची नव्हे, मूळ वह्यांची प्रत होती. कलकत्त्याच्या मदर तेरेसांनी आपले नाव लिझियेच्या या तेरेझवरूनच घेतले होते. आपली खाजगी पत्रे नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. तरी २००७ मध्ये ती छापली गेली, आणि ती छापणारे होते त्यांच्या संतपदाचा खटला चालवणारे धर्मगुरू. देव जवळ नाही, असे दशकानुदशके वाटत राहिल्याची कबुली त्या पत्रांत होती. १८९८ मध्ये जे मऊ केले गेले, ते २००७ मध्ये पुराव्याच्या बाजूने उभे केले गेले.

आपल्या किनाऱ्याशीही या गोष्टीचा धागा आहे. १४ डिसेंबर १९२७ रोजी तेरेझला जगभरच्या मिशनांची आश्रयदाती घोषित केले गेले ते फ्रान्सिस झेवियरच्या जोडीने, ज्याचे शव जुन्या गोव्यात बॉम जेझूस बॅसिलिकेत आहे. १५४२ मध्ये गोव्यात उतरून मलाक्का, जपान पालथे घालणारा तो. ही पंधराव्या वर्षी मठात शिरली ती मरेपर्यंत बाहेर पडली नाही. तिला हनोईच्या मठात पाठवायचा विचार झाला होता. दुखण्याने तो संपवला. फिरणाऱ्या आणि अंथरुणाला खिळलेल्या माणसाला एका पाटावर बसवणारा हा निर्णय धाडसाचा होता. अंथरुणावरच्या माणसाचे आयुष्यही कामाचे असते, असे त्याने सांगितले. पण ते सांगायचे तर अंथरूण होते तसे दाखवावे लागते.

ही गोष्ट आता पुन्हा काढायचे कारण आहे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप चौदावे लिओ यांनी कार्लो अकुतिस या इटालियन मुलाला संत जाहीर केले. संगणकात रमणारा हा मुलगा १२ ऑक्टोबर २००६ रोजी, पंधराव्या वर्षी, रक्ताच्या कर्करोगाने गेला. निदानापासून मृत्यूपर्यंत मोजके दिवस. असिसीत काचेमागे त्याचा देह जीन्स आणि स्पोर्ट्‌स बुटांसह ठेवला आहे, आणि चेहऱ्यावर सिलिकॉनचा मुखवटा आहे. सेलिनचा कुंचला आता सिलिकॉनचा झाला आहे. भाविकांनी त्याच्या पायाशी जावे, यात गैर काहीच नाही. मात्र त्याच्याविषयी लिहिणाऱ्यांनी, विशेषतः त्याच्याच वयाच्या रोग्यांसाठी लिहिणाऱ्यांनी, तेरेझच्या वह्यांचा प्रवास आधी वाचावा.

आपल्या घरांनीही तो वाचावा. गेलेल्या माणसाविषयी आपण काय बोलतो? एवढे दुखणे, पण कधी हूं की चूं केले नाही. शेवटपर्यंत हसतमुख. वर्तमानपत्रातल्या श्रद्धांजलीत ‘दीर्घ आजाराने’ एवढेच असते. क्षय असेल तर त्याचे नाव नसतेच. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आज भारतात आहे, आणि नाव लपवल्याने उपचार लांबतात. १९८५च्या अमली पदार्थ कायद्याने मॉर्फिन इतके जाचक परवान्यांत अडकवले की रुग्णालये ते ठेवायलाच घाबरू लागली. २०१४च्या दुरुस्तीने वाट मोकळी केली, तरी टोकाच्या वेदनेत मरणाऱ्या असंख्य भारतीयांपर्यंत ते आजही पोचत नाही. मुंबईत बांद्र्याला १९८६ साली डॉ. एल. जे. डिसूझा यांनी शांती आवेदना सदन सुरू केले, देशातले पहिले हॉस्पिस. तिथे धर्मभगिनी कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रोग्यांची सेवा करतात, कुठल्याही धर्माच्या आणि विनामोबदला. प्रार्थना आणि वेदनाशामक एकाच खोलीत नांदू शकतात, हे त्यांनी करून दाखवले. लिझियेच्या मठाला १८९७ मध्ये ते जमले नव्हते.

श्रद्धावान तरुण रोग्याचे स्मरण करू नये, असे कोणी म्हणणार नाही. तेरेझचे स्मरण तर करावेच. पण तिच्या नावाने उभे राहणारे प्रत्येक व्याख्यान, प्रत्येक पुस्तिका, प्रत्येक मेणबत्ती तीन प्रश्नांना बांधील असावी: तिला काय दुखत होते, तिला कशाची शंका वाटत होती, आणि तिच्यासाठी करता येण्याजोगे काय केले गेले नाही. या तिन्हींची उत्तरे दिल्यानंतर तिच्या सोशिकपणाची खुशाल स्तुती करावी. त्याआधी केलेली स्तुती तिच्या वाट्याला जात नाही. ती तिच्याभोवतीच्या निरोग्यांना दिलेली माफी ठरते.