हृदयाचा स्ट्रेन आणि आपली रीडिंग्ज

स्ट्रेन म्हटलं की आपल्याला काय आठवतं? एसओएमची लॅब, यूटीएमवर ताणलेला माइल्ड स्टीलचा रॉड, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री 'ॲडजस्ट' होणारी रीडिंग्ज. लांबीतला फरक भागिले मूळ लांबी, संपलं. (मराठी पुस्तकात याला 'विकृती' म्हणतात. आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांना तो शब्द वाचून भलतंच काही आठवतं, म्हणून मी स्ट्रेनच म्हणते.)

पण हाच स्ट्रेन हृदयाच्या भिंतीतही मोजतात. माइल्ड स्टील ०.१ टक्क्याच्या थोडं पुढे गेलं की यील्ड होतं. निरोगी माणसाच्या डाव्या जवनिकेचा स्नायू दर ठोक्याला लांबीत सुमारे २० टक्के आखडतो, दिवसाला लाखभर वेळा! आणि तिथे स्ट्रेन गेज चिकटवायची सोय नाही.

मग मोजायचं कसं? १९८५ साली वाल्डमन, फंग आणि कोव्हेल यांनी कुत्र्यांच्या हृदयाच्या भिंतीत धातूचे बारीक मणी बसवले आणि दोन दिशांनी एक्स-रे फिल्म काढून त्यांची हालचाल टिपली. यातले फंग मूळचे एरोनॉटिक्सवाले, हे मेकॅनिकलच्या मंडळींनी लक्षात ठेवावं. पुढे १९८८ मध्ये झेरहूनी आणि सहकाऱ्यांनी एमआरआयनेच स्नायूवर चुंबकीय रेघा आखण्याची युक्ती मांडली. ठोक्याबरोबर रेघा वाकतात, त्यावरून स्ट्रेन काढायचा. छाती उघडायला नको. तोच प्राणी आठवड्यांनी पुन्हा तपासता येतो, म्हणजे कमी प्राण्यांत काम भागतं. ही फार मोठी गोष्ट आहे.

माझा आक्षेप पुढचा आहे. सॉफ्टवेअर स्क्रीनवर लाल-निळा सुंदर नकाशा दाखवतं आणि आपण तो खरा मानतो. उंदराचं हृदय मिनिटाला सुमारे ६०० वेळा धडधडतं, म्हणजे एक ठोका १०० मिलिसेकंदांचा. सेकंदाला ५० फ्रेम घेतल्या तर एका ठोक्याला फक्त ५ चित्रं मिळतात. सगळ्यात जास्त आखडल्याचा क्षण दोन चित्रांच्या मधेच निसटला, की आकडा कमी येणार. त्यात भिंत जेमतेम १ मिलिमीटर जाड! ०.१ मिलिमीटरची चूक म्हणजे १० टक्के. उद्या याच आकड्यावरून एखादं औषध 'काम करतं' असं ठरणार.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की फ्रेम रेट आणि एरर न लिहिता दिलेला स्ट्रेन छापूच नये. आपल्या लॅबमध्ये रीडिंग ॲडजस्ट केलं तर रॉडचं काही बिघडत नाही. तिथे मात्र एक उंदीर फुकट जातो.

आपल्या कॉलेजात उंदीर नाहीत, आणि नकोतच. पण स्ट्रेन आधीच माहीत असलेली चित्रं कॉम्प्युटरवर बनवून अल्गोरिदम तपासता येतो. सिलिकॉनचा ठोकळा दाबून त्याचे अल्ट्रासाउंड फोटो काढता येतात. फायनल इयर प्रोजेक्टला तोच तो लाइन फॉलोअर रोबो करण्यापेक्षा हे करायला काय हरकत आहे? मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाले एकत्र येणार असतील तर मी तयार आहे. गाईड शोधायचं काम तेवढं तुमचं.