औषधाची बाटली आणि परसातला शेवगा

परीक्षेचे दिवस जवळ आले म्हणजे अष्टमीतील काही पालक मजकडे जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची चौकशी करू लागतात. ‘अ जीवनसत्त्वाने दृष्टी सुधारते, तर बुद्धीही तरतरीत होईलच, दोन गोळ्या अधिक दिल्या तर गुरुजी, बिघडले काय?’ असा त्यांचा प्रश्न असतो. पुष्कळ बिघडते, असे माझे स्पष्ट मत आहे.

अ जीवनसत्त्वापासून शरीरात रेटिनॉइक आम्ल तयार होते. पेशीच्या केंद्रकात शिरून कोणती जनुके जागी व्हावीत हे ते ठरविते. गर्भातील मेंदूची घडणही बऱ्याच अंशी त्याच्याच आज्ञेने होते. परंतु आज्ञा देणारा जितका आवश्यक, तितकाच त्यास वेळीच गप्प करणाराही. हे काम ‘सीवायपी २६’ या कुळातील तीन विकरे, म्हणजे एन्झाइमे, करितात. त्या आम्लास ऑक्सिजन जोडून ती त्याचा प्रभाव नाहीसा करितात. यांपैकी एक विकर प्रौढ मनुष्याच्या मेंदूत, विशेषतः लहान मेंदूत, आढळल्याचे २००० साली प्रसिद्ध झाले. जेथे असा पहारा बसविलेला आहे, तेथे आपण मुद्दाम गर्दी का करावी?

पहारेकऱ्याच्या शक्तीसही मर्यादा आहेच. हे जीवनसत्त्व यकृतात साठत जाते. फाजील झाले म्हणजे कवटीतील दाब वाढून डोकेदुखी व वांत्या होतात. मुरुमांवर मिळणारे आयसोट्रेटिनॉइन हे याच वर्गातले औषध. गर्भवतीने ते घेतल्यास बालकाच्या मेंदूत, चेहऱ्यात व हृदयात व्यंग उद्भवू शकते. मैत्रिणीची गोळी मागून घेणाऱ्या मुलींनी व त्यांच्या मातांनी हे नीट ध्यानी धरावे.

याचा अर्थ सरकारी डोस नाकारावा असा मात्र मुळीच नव्हे. रातांधळेपणा व त्यामागून येणारे अंधत्व टाळण्यासाठी १९७० साली भारतात सुरू झालेल्या योजनेत लहान बालकांस सहा महिन्यांच्या अंतराने २,००,००० एकक देण्याचे ठरले. ते प्रमाण मोजलेले असते; दुकानातून आणलेल्या बाटलीचा हिशेब कोण ठेवितो?

आणि परसातल्या शेवग्याचे काय? शेंगा आमटीत जातात, पाला मात्र झाडावरच वाळतो! त्या पाल्यात, अळूत, तांबड्या भोपळ्यात व पिकल्या आंब्यात कॅरोटीन असते. शरीर त्यातून गरजेपुरतेच अ जीवनसत्त्व बनविते. बाकीच्याने फार तर तळहात पिवळे दिसतील. भाजीस तेलाची फोडणी मात्र असावी, कारण कॅरोटीन स्निग्ध पदार्थाच्या संगतीनेच अंगी लागते.