नळाची चावी कोणाच्या हाती?

तेल ज्याच्या भूमीत सापडते त्याची महती सर्व जाणतात. ज्याच्या भूमीतून ते वाहते त्याचे सामर्थ्य मात्र दुर्लक्षित राहते. सीरियाचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. सौदी तेल भूमध्य समुद्राकडे नेणाऱ्या अमेरिकी तेलवाहिनीच्या करारास सीरियाची संसद मान्यता देत नव्हती. मार्च १९४९ मध्ये लष्करी उठाव करून सत्तेवर आलेल्या हुस्नी झाईम याने ती देऊन टाकली. १९५६ साली सुएझवर आक्रमण होताच इराकी तेलाच्या वाहिनीची पंपकेंद्रे सीरियात उडविली गेली. डिसेंबर १९६६ मध्ये वाहतूक शुल्काच्या वादातून तीच वाहिनी बंद पडली आणि मार्च १९६७ मध्ये बलाढ्य परदेशी कंपनीला तडजोड करावी लागली.

परंतु हे शस्त्र कोणावर उगारले जाते, हाच खरा प्रश्न होय. एप्रिल १९८२ मध्ये सीरियाच्या राज्यकर्त्यांनी तीच चावी फिरविली ती शेजारच्या इराकविरुद्ध, आणि इराणकडून सवलतीचे तेल पदरात पाडून घेतले. इराकने तुर्कस्तान व सौदी अरेबियातून जाणाऱ्या वाहिन्यांचा आश्रय घेतला. सीरियाचे शुल्क बुडाले. कंपन्यांविरुद्ध कमावलेले बळ भाऊबंदकीत खर्ची पडले.

तेल काढणारी आणि तेलाला वाट देणारी राष्ट्रे एकजुटीने सौदा करीत नाहीत, तोवर चावी त्यांच्या हाती असली तरी लाभ इतरांचाच होणार.